विहिरीतला अँटिमनी

संध्या तायडे दरवर्षी फळ्यावर अँटिमनीची शीर काढून दाखवायची आणि दरवर्षी शेवटी तेच वाक्य बोलायची, "आपल्या वऱ्हाडात मात्र याची आशा करू नका." अमरावतीच्या एका कॉलेजात ती भूगर्भशास्त्राची कंत्राटी प्राध्यापिका होती. पायाखाली सगळा काळा दगड, थंड झालेल्या लाव्ह्याचे थरावर थर. अँटिमनीला लागतं खोलवरून वर येणारं गरम पाणी आणि त्याला वाट देणारी भेग. पाणी वर येता येता निवतं आणि सोबत आणलेला धातू गारगोटीच्या संगतीनं भेगेच्या कडांना ठेवून जातं. इतकं सगळं आपल्याकडे जुळून यायचं नाही, असं ती पोरांना सांगायची.

मग मार्चअखेरीस श्याम नावाचा तिचा विद्यार्थी रुमालात बांधून एक दगड घेऊन आला. अकोटच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचा संत्र्याचा बगीचा. तिथली विहीर खोल करणं चाललं होतं आणि क्रेननं उपसलेल्या ढिगात हा पडलेला होता. लिंबाएवढा, हातात घेतला की वजनदार. एका अंगाला गारगोटी आणि बाकी सगळ्या करड्या चकाकत्या सुया, एकमेकींना चिकटून बसलेल्या.

 संध्या एरवी शांत बाई, पण त्या दिवशी तिनं पुढचा तास घेतला नाही.

तिचं चुकलं असंही म्हणवत नाही. चीननं अँटिमनी बाहेर पाठवणं आवळल्यापासून जगाची झोप उडालेली होती. बंदुकीची गोळी कडक करायला तो, इन्व्हर्टरच्या बॅटरीतली शिशाची जाळी टिकवायला तो, सोलरची काच नितळ करायला तो, कापडानं पेट घेऊ नये म्हणूनही तोच. देशात जवळपास सगळा बाहेरून येणार. आणि तो अकोटच्या विहिरीत निघाला, तर संध्या तायडेला पुढच्या जूनमध्ये कंत्राट मिळेल की नाही, ही काळजी कायमची संपणार होती. विभागप्रमुखांनी तर नागपूरच्या परिषदेत तिचं नावही देऊन टाकलं.

दुसऱ्याच दिवशी ती बगीच्यावर पोचली. श्यामचे वडील नत्थुजी तिला विहिरीवर घेऊन गेले. ढिगात तिला हिरवं काही चमकताना दिसलं. काळ्या दगडाच्या पोकळीत हिरवं खनिज सापडतं, म्हणून तिनं मोठ्या हौसेनं उचललं, तर ती बांगडीची काच. तिनं ती टाकून दिली. श्यामनं आणलेल्या दगडाची एक बाजू मात्र गुळगुळीत होती, भिंगातून तिथं बारीक चरे दिसत. जमीन सरकताना भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर घासतात तेव्हा असाच गुळगुळीतपणा येतो. गाविलगडाच्या पायथ्यानं जुनी मोठी भेग जाते, हे पुस्तकात आहे. तिकडे सालबर्डीला गरम पाण्याचे झरेही आहेत. म्हणजे भेग आली, गरम पाणी आलं. चरे थोडे वाकडे वाटले खरे, पण माणसाला हवं ते दिसू लागलं की वाकडंही सरळ दिसतं.

घरात चहा झाल्यावर तिनं देवापुढचं निरांजन मागून घेतलं आणि चिमट्यात एक सुई धरून ज्योतीत घातली. सुई वितळली, पांढरा धूर निघाला. श्यामची आई आशाबाई दाराशी उभी राहून पाहत होती.

"हा मंग खरा सुरमा हाय?" तिनं विचारलं.

"ज्याचा सुरमा करतात तोच दगड दिसतो, काकू. बाजारात सुरमा म्हणून पुष्कळदा शिशाचा दगड खपवतात. तो चौकोनी फुटतो, असा वितळत नाही."

"पर हा खरा."

"पक्कं नागपूरचं मशीन सांगेल."

"मंग मशीनले इचाराच," आशाबाई म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

निघताना संध्यानं नत्थुजींना सांगितलं की रिपोर्ट येईपर्यंत विहिरीला हात लावू नका, सुरुंग लागला तर शीर उडून जाईल. नत्थुजींनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

"संत्र्याचे फयं बोरायेवढे झाले, मॅडम. पानी नाई भेटलं त गयतीन. पर देशाचं काम असन त थांबतो."

दगड नागपूरला गेला, क्रेन दुसऱ्या गावाला गेली. रिपोर्ट काही लवकर येईना. उन्हं वाढली, आणि श्याम कॉलेजात भेटला की संध्या आधी त्याच्या तोंडाकडे पाहू लागली. फळं गळताहेत, झाडाखाली सडा पडतो, असं तो खाली मान घालून सांगायचा. तिला अन्न गोड लागेना.

शेवटी नागपूरहून स्वप्निलचा फोन आला. तो तिचा कॉलेजचा मित्र, तिथल्या प्रयोगशाळेत होता.

"अभिनंदन. अस्सल अँटिमनी निघाला. एक काप घेतला मी, बाकीचा दगड पाठवतोय. फक्त त्या गुळगुळीत बाजूचा फोटो पाहून घे."

तिनं पाहिला. चरे गोल होते, एकात एक. जमीन एका दिशेनं सरकते, ती काही गोल गोल फिरत नाही. हे कुणी तरी हातानं उगाळलेलं होतं.

"धातू खरा, जागा विहिरीची," स्वप्निल म्हणाला. "चऱ्यांचं कोण विचारणार आहे?"

कोणीच विचारणार नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. संध्याकाळी ती वडिलांपाशी जाऊन बसली. धर्मपाल तायडे एसटीत कंडक्टर होते, आता अंगणातल्या झाडांना पाणी घालण्यात दिवस काढत. तिनं दगडाचं सांगितलं, उगाळल्याचं सांगितलं, आणि सहज बोलता बोलता बांगडीचंही.

"बांगडी होती?" धर्मपालांनी नळी खाली ठेवली. "मंग आसराचं असन ते. सात आसरा, पान्याच्या देवी. बाया इहिरीत बांगड्या वायतात, काजय-सुरमा वायतात. माही आजी बी वाये, छप्पनमंधी धम्म घेतला त्याच्या आंधी. तुले कोठून मालूम असन? आपन सोडलं ते सारं."

संध्याला तिथंच रडू आलं. परिषद गेली म्हणून आलं, गळालेल्या फळांसाठीही आलं. पण दगड हाती येताच तिनं अकोटची गाडी धरली.

नत्थुजी आणि आशाबाई ओसरीवर होते. संध्यानं दगड मध्ये ठेवला आणि आडपडदा न ठेवता सांगून टाकलं: हा विहिरीतला नाही, विहिरीला वाहिलेला आहे; चरे तिला पहिल्या दिवशीच दिसले होते, चूक तिची आहे; विहीर आजच सुरू करा.

नत्थुजींनी बायकोकडे पाहिलं. आशाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"म्याच वायला. इहीर सुरू झाली तवा. चांगली चीज देल्ली त पानी चांगलं लागन, मनलं."

"अन् सांगतलं काहून नाई?" नत्थुजींचा आवाज चढला. "माहा बगीचा सुकून राहिला अन् तू चूप?"

"पानी लागेपर्यंत नवस सांगत नाई." तिनं पदराचं टोक सोडलं. "अन् मले बी रिपोर्ट पायजे होता."

 मग ती हळूहळू बोलली. तिचं माहेर बाळापूरचं, घरची गरिबी. आईनं जन्मभर उगाळलेला सुरम्याचा दगड लेकीला लग्नात दिला, दुसरं देण्याजोगं घरात नव्हतंच. सासूनं तो भर मांडवात हातात घेऊन सगळ्यांना दाखवला आणि म्हणाली, बाळापूरवाल्यांनी सुरमा म्हणून शिशाचा तुकडा दिला. मरेपर्यंत ती ते म्हणत राहिली. आशाबाईनं तो सुरमा एक दिवसही डोळ्यांत घातला नाही.

 नत्थुजींनी खिशातून फोन काढला आणि क्रेनवाल्याला लावत ते अंगणात गेले.

"एक काप कापला गेला, काकू," संध्या म्हणाली. "मला माहीत असतं तर कापू दिला नसता."

"असू दे. आसराले देल्लेला जिन्नस, मी कोन त्याचा हिसाब करनारी?" आशाबाईनं दगड उचलला, गुळगुळीत बाजूवरून अंगठा फिरवला. आईचा अंगठा जिथं बसत असेल तिथंच तो बसला. "मशीन काय मनते मंग?"

"अस्सल आहे. अँटिमनीच, शिशाचा कण नाही. देशात शोधून सापडत नाही असा."

आशाबाई उठली आणि दगड घेऊन माजघरात गेली. तिथं भिंतीवर हार घातलेला सासूचा फोटो होता. तिनं दगड फोटोच्या नाकासमोर धरला.

"ऐकलं ना, सासूबाई?" ती म्हणाली. मग चपला घालून, दगड पुन्हा वाहायला विहिरीकडे निघाली.