खांद्यावरचा ताका

बंबवाल्यांच्या घरात एक शब्द उच्चारायला बंदी होती. तो शब्द म्हणजे दिवाळं. सुनेचं दिवाळं निघालं होतं, कोर्टात ते रीतसर जाहीर झालं होतं, गल्लीतल्या मांजरांनासुद्धा त्याची खबर होती, पण बंबवाले मात्र म्हणत, "सूनबाईंचं कोर्टात जरा काम चाललंय." ऐकणाऱ्याला वाटावं, सूनबाई तिथे न्यायाधीश आहेत.

उभा जन्म अग्निशामक दलात गेला म्हणून त्यांना सगळे बंबवाले म्हणत. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, तरी कोटाची पितळी बटणं दर रविवारी घासली जायची. आवाजही अजून तोच, जळत्या इमारतीच्या गच्चीवरच्या माणसाला खालून सूचना देण्याचा. आयुष्यात कुणाचं एका पैशाचं देणं ठेवलं नाही, हे ते घरी आलेल्या पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी सांगत. आता पाहुणा आला की नुसतंच पाणी विचारत.

सून सोफे-खुर्च्या बनवायची. स्वतःचा कारखाना होता, हाताखाली माणसं होती. एका हॉटेलानं तीन दालनांच्या खुर्च्या करून घेतल्या आणि पैसे द्यायच्या आधीच टाळं ठोकलं. हॉटेल बुडालं ते बुडालं, जाताना हिलाही घेऊन बुडालं. कापडवाला, फोमवाला, मशीनच्या कर्जाची बँक, सगळे दारात. मुलगा जहाजावर स्वयंपाकी, कधीमधी घरी येणारा. त्यामुळे त्या धुमाळीत घरात होते ते सासरा आणि सून. दोघांचं पटायचं, कारण दोघंही कामाला वाघ होते. आणि खटकायचं, कारण दोघंही हट्टाला घोरपड होते.

आता ती दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर जात होती आणि हुकुमाची वाट पाहत होती. कोर्टानं नेमलेल्या अधिकारी बाईंनी तिची पै न् पै तपासली होती, विकण्यासारखं होतं ते विकलं होतं. काही गडबड झाली नाही तर महिनाअखेर कर्जमुक्तीचा हुकूम मिळणार होता. तोवर एक अट होती. कुणाकडून उधार घ्यायचं असेल तर आधी त्याला आपलं दिवाळं सांगायचं. लपवून घेतलं, की हुकूम लटकला.

हात जोडून बसणं तिच्या रक्तात नव्हतं. गेलेली पत परत कशी उभी करायची, याच्या तयारीला ती लागली होती. विजेचं बिल स्वतःच्या नावावर करून घेतलं आणि ते आल्या दिवशीच भरायला लागली. बँकेत जाऊन विचारून आली, तेव्हा कळलं की हुकूम आल्यावर आपलेच थोडे पैसे ठेव म्हणून ठेवले, तर तेवढ्याच रकमेचं कार्ड मिळतं. त्यावर घ्यायचं, वेळेवर फेडायचं, म्हणजे नाव हळूहळू सुधारतं. त्या ठेवीसाठी ती अधिकारी बाईंच्या परवानगीनं रोजातले थोडे पैसे खिळ्यांच्या रिकाम्या डब्यात टाकत होती.

"म्हणजे आपल्याच पैशांची आपल्यालाच उधारी?" बंबवाल्यांनी कपाळाला हात लावला. "हे तर आपल्याच घरात पाहुणा म्हणून येऊन आपल्यालाच चहा मागण्यासारखं झालं!"

"चहा वेळेवर दिला की बँकेला कळतं बाबा, घर चांगलं आहे," सून म्हणाली. तिच्या तोंडात खिळे होते. खिळे ओठांत धरून बोलायची तिला सवयच होती. आणि तरीही शब्द न् शब्द कळायचा.

एवढ्यावर थांबली असती तर बंबवाल्यांनी सहन केलं असतं. पण ही बाई ते सगळ्यांना सांगायची. दूधवाल्याला, शिंप्याला, घरमालकाला. "माझं दिवाळं निघालंय. हुकूम यायचाय. तोवर रोखीनं घेईन." असं म्हणून मोकळी. ती बोलायला लागली की बंबवाले सज्जात जाऊन कुंड्यांना पाणी घालत. बिचारी झाडं कुजायला आली होती.

त्यात दातांच्या डॉक्टरीण बाईंचं काम आलं. त्यांच्या दवाखान्यातली बाकं फाटली होती आणि त्यांना जुन्या कारखान्याचं काम आठवत होतं. ती रोजावर जायची त्या कारखान्याच्या मालकाची आडकाठी नव्हती. सुट्टीच्या दिवशी कर म्हणाला. पण रेक्झीनला पैसे नव्हते. डॉक्टरीण बाई काम झाल्यावर देणार होत्या.

"हुकूम येऊ द्या, मग बघू," सून म्हणाली आणि खोलीत गेली. रोज ओट्याशी गुणगुणणारी बाई त्या संध्याकाळी गप्प होती. बंबवाल्यांना ते सोसेना. आग दिसत असताना घंटेची वाट बघत बसणारा माणूस नव्हता तो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बटणांचा कोट चढवला आणि पूल ओलांडून पलीकडच्या बाजारात गेले, जिथे त्यांना कुत्रंही ओळखत नव्हतं. एका रेक्झीनच्या दुकानात शिरून खणखणीत आवाजात म्हणाले, "माझी सून सोफ्यांची कारागीर आहे. असा हात तुम्हाला शोधून सापडणार नाही." दुकानदार कोटाकडे बघतच राहिला. पुढचं सोपं गेलं. तपकिरी रेक्झीनचा एक ताका, पंधरा दिवसांची उधारी. कुणाच्या नावावर, असं दुकानदारानं विचारलं तेव्हा बंबवाल्यांनी अभिमानानं सुनेचं नाव सांगितलं. काम तिचं, तर नावही तिचंच हवं! ते एक "कोर्टाचं काम" तेवढं सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, जिभेवर आलं आणि गिळलं.

ताका चादरीत गुंडाळून, खांद्यावर टाकून ते मागच्या बोळानं घरी आले. तरी खिडकीवालीनं गाठलंच. समोरच्या घरातल्या या बाईंचा जन्मच खिडकीत झाला असावा.

"काय हो बंबवाले, काय आणलंत?"

"गालिचा!" बंबवाले म्हणाले आणि भराभरा जिना चढले.

सून जमिनीवर बसून एका स्टुलाला कापड ठोकत होती. बंबवाल्यांनी चादर झटक्यात ओढली, जादूगाराच्या थाटात. "घे! कर डॉक्टरणीची बाकं!"

सुनेनं ताक्याकडे पाहिलं. "पैसे?"

"पंधरा दिवसांनी."

"कुणाच्या नावावर, बाबा?"

"तुझ्या! आणखी कुणाच्या?"

तिनं ओठांतले खिळे एकेक करून तळहातावर काढले. इतक्या वर्षांत बंबवाल्यांनी तिला बोलण्यासाठी खिळे काढताना पाहिलं नव्हतं.

"त्यांना सांगितलंत? दिवाळ्याचं?"

बंबवाले कुंड्यांकडे बघायला लागले.

"म्हणजे मी लपवून उधारी केली," ती हळू म्हणाली. "बाबा, हुकूम जाईल हो माझा." तिचा आवाज कापला. ज्या माणसानं धुरातून पोरंबाळं बाहेर आणली, त्यानं आज स्वतःच्या घरात काडी टाकली होती.

"मी जाऊन परत देतो," ते म्हणाले.

"दोघं जाऊ. सांगायचं मला आहे."

दुकानात गर्दी होती. सून सरळ गल्ल्यापाशी गेली. "हा ताका माझ्या नावावर गेलाय. माझं दिवाळं निघालंय, कोर्टाचा हुकूम यायचाय. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, ते राहिलं. माल जसाच्या तसा आहे. परत घ्या आणि तशी चिठ्ठी द्या."

सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. धरणीनं पोटात घ्यावं असं बंबवाल्यांना वाटलं. खाली बघता बघता त्यांची नजर सुनेच्या पायांवर गेली. पाय जमिनीत रोवल्यासारखे होते, जराही हलत नव्हते. दलात नव्या पोरांना ते हेच शिकवत आले होते: पाण्याचा जोर आला की पाय रोवायचे. हिला कुणी शिकवलं नव्हतं.

दुकानदारानं ताका उलगडून पाहिला, चिठ्ठी दिली. "इथून माल घेऊन पळालेले पुष्कळ पाहिले," तो म्हणाला, "पण असं... बरं, हुकूम आला की या. सासऱ्यांना नका पाठवू. तुम्ही या."

ती रात्र बंबवाल्यांनी कूस बदलण्यात काढली. सकाळी सून अधिकारी बाईंकडे निघाली, तर हे कोट घालून दारात उभे.

"तुम्ही कशाला, बाबा? मी सांगते ना."

"आग मी लावली. विझवायला मीच जाणार."

कचेरीत बाकांवर माणसं माना खाली घालून बसली होती. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "कशासाठी आलात?"

बंबवाल्यांचं तोंड सवयीनं उघडलं: "कोर्टाचं..." आणि तिथेच थांबलं. त्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं. मग छाती भरून श्वास घेतला.

"दिवाळ्यासाठी!" सगळी कचेरी दचकली. "माझ्या सुनेचं दिवाळं निघालंय. तिनं काही लपवलेलं नाही. लपवलं मी, आणि तेच सांगायला आलोय!"

बाकांवरच्या दोन-तीन माना वर झाल्या. अधिकारी बाई स्वतः बाहेर आल्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, बंबवाल्यांकडून सगळं लिहून घेतलं, सही घेतली. "कोर्टाला कळवावं लागेल," एवढंच म्हणाल्या. चेहऱ्यावरून काही पत्ता लागू दिला नाही.

महिनाअखेर उलटून गेली तरी हुकूम आला नाही. सून कामावर जात राहिली, बिल भरत राहिली, डब्यात पैसे टाकत राहिली. सासऱ्याला एका शब्दानं बोलली नाही. ती बोलली असती तर बरं, असं त्यांना रोज वाटायचं. डॉक्टरीण बाईंना मात्र तिनं स्पष्ट सांगितलं होतं, आणि त्यांनी फाटक्या बाकांवर चादरी टाकून वाट बघायचं कबूल केलं होतं.

मग एका सकाळी हुकूम आला. उशिरा आला, पण आला. सुनेनं तो दोनदा वाचला, सासऱ्याच्या पायांशी वाकली आणि तशीच खाली बसून रडली. बंबवाल्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "वाघीण आहेस तू," ते म्हणाले.

दुपारी ती पूल ओलांडून गेली. एकटी. दुकानदारानं तोच तपकिरी ताका काढला. पंधरा दिवसांच्या बोलीवर, तिच्या नावावर, तिच्या सहीनं. बंबवाले पुलाच्या अलीकडे थांबले होते. त्यांनी तिच्या हातातून ताका काढून घेतला आणि खांद्यावर टाकला. चादर नव्हती. मागचा बोळ आला तरी ते तिकडे वळले नाहीत. भर रस्त्यानं, गल्लीच्या मधोमध चालत राहिले.

खिडकी उघडीच होती. "काय हो बंबवाले, आज काय आणलंत? आणखी एक गालिचा?"

बंबवाले थांबले. जळत्या इमारतीखाली उभं राहून हाका मारायचे, त्या आवाजात त्यांनी उत्तर दिलं. अख्ख्या गल्लीच्या खिडक्या उघडल्या.

"उधारीचा माल आहे, बाई! माझ्या सुनेला उधारी मिळालीय!"