टोकाचे डोळे

पंचाऐंशी सालच्या मार्चमध्ये पिंपळगावचे द्राक्षबागायतदार राजाराम मोरे लेकीकडे, अमेरिकेत ओहायोतल्या डब्लिनला आले आणि आठवड्याभरातच कंटाळले. सुमित्रा लॅबमध्ये, जावई गिरीश हॉस्पिटलात. दिवसभर घर खायला उठायचं. मागच्या अंगणात चेस्टनटचं झाड होतं, फांद्यांचं नुसतं रान माजलेलं. राजारामांचे हात शिवशिवले. गॅरेजमधली शिडी आणि कात्री काढून त्यांनी झाडाची हाती लागेल ती काडी टोकाकडून आखूड केली, आपल्या बागेत करायचे तशी.

“दादा, काय छान शेप आलाय!” सुमित्रा म्हणाली.

“शेपचं सोड. यंदा फळ बघ.”

फूट जोमानं आली. पण सप्टेंबर उजाडला तरी चेस्टनटची काटेरी बोंडं दिसेनात. सुमित्रा दरवर्षी शेजारीपाजारी पिशव्या भरून चेस्टनट वाटायची.

“यंदा ऑफ इयर असेल, झाड एखादं वर्ष विश्रांती घेतं,” गिरीश जेवताना म्हणाला. जावई सांभाळून घेतोय हे राजारामांना कळलं.

दुसऱ्या दिवशी ते झाडाखाली जाऊन वर बघत राहिले. शिडी पोचली नव्हती ती एक फांदी बोंडांनी लगडली होती. शिडीवर चढून दाताळ्यानं त्यांनी ती खाली ओढली. गेल्या वर्षीच्या काड्यांच्या टोकाला जे दोन-चार डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या गाठी होत्या, त्यांतूनच यंदाची फूट निघाली होती आणि बोंडं तिच्यावरच. आत सावलीतल्या काटकुळ्या काड्यांवर नुसते फुलोऱ्याचे वाळके तुरे.

सुमित्रा घरी येताच ते म्हणाले, “द्राक्षाची काडी आखूड केली तरी मागचा डोळा घड देतो. याचं फळ टोकाच्या डोळ्यात असतं. मी नेमकं तेच छाटलं, पोरी.”

“असू द्या, दादा. मग प्रूनिंग करायचंच नाही का?”

“करायचं. पण शेंड्यांना हात लावायचा नाही. सावलीतली फांदी बुडापासून काढायची. बाकीच्यांना ऊन मिळतं, काडी जाड होते. जाड काडीच फळ धरते.”

व्हिसा संपत आला होता आणि झाड अजून पानांत होतं; छाटणी पानगळीनंतरच करायची होती. जुन्या साडीच्या चिंध्या करून त्यांनी काढायच्या फांद्यांना बांधल्या आणि ते परतले. फेब्रुवारीत गिरीशनं शिडी धरली, सुमित्रानं तेवढ्याच फांद्या कापल्या.

पुढच्या ऑक्टोबरात पिंपळगावच्या किराणा दुकानात फोन आला.

“दादा, खालच्या फांद्यांवर पण आलेत! आणि केवढे मोठे!”

“काड्या करंगळीएवढ्या जाड आहेत का?” राजाराम फोनवर ओरडले.

“आहेत.”

“मग ठीक. शेजाऱ्यांना दे आधी.”

फोन ठेवून ते लगबगीनं निघाले. बागेत छाटणी चालू होती, गडी खोळंबले होते.