टाकीचं झाकण

"पडली बंद," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आपलं म्हणणं खरं ठरल्याचं समाधान होतं. "सांगत नव्हते मी? बरोब्बर वीस मिनिटं."

मिस्त्रीने गाडी तशीच घरंगळत रस्त्याच्या कडेला घेतली. कार्बोरेटरवाल्या जुन्या गाड्यांवर त्याचा चाळीस वर्षांचा हात बसलेला. नव्या गाड्यांचं बॉनेट उघडलं की परक्याच्या स्वयंपाकघरात शिरल्यासारखं वाटायचं. ही मात्र घरची. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईंना ती घेऊन लांबच्या गावी मुलीकडे जायचं होतं, आणि गाडी दर वीस मिनिटांनी मान टाकत होती. गॅरेजमध्ये तासभर नुसती चालू ठेवली तर अगदी शहाण्यासारखी वागायची.

तीन दिवसांत मिस्त्रीने तिच्यापुढे हात टेकले होते. फिल्टर बदलला, पंपाचा पडदा उजेडात धरून पाहिला, कार्बोरेटर खोलून जेट फुंकले. सगळं ठीक. शेवटी "पडू दे काय ती माझ्यासमोर बंद," म्हणून आज बाईंना शेजारी बसवून निघाला होता.

त्याने कार्बोरेटरला येणारी नळी काढली आणि बाईंना स्टार्टर मारायला सांगितलं. नळी कोरडी ठणठणीत. म्हणजे दुखणं कार्बोरेटरचं नव्हतंच, मागचं होतं. टाकीत पेट्रोल तरी आहे का, हे काडी घालून बघावं म्हणून तो मागे गेला आणि त्याने झाकण फिरवलं.

फुस्स करून टाकीने हवा आत ओढली.

नळी जोडून पुन्हा स्टार्टर मारला तर गाडी चालू. मिस्त्री झाकण हातात घेऊन उभाच राहिला. टाकीतून पेट्रोल जाईल तितकी हवा आत यावी लागते, त्यासाठी झाकणाला सुईएवढं भोक असतं. ते बुजलं की पंप बिचारा ओढून ओढून दमतो, गाडी बंद पडते. जरा थांबलं की कुठून तरी हवा झिरपते आणि पुन्हा चालू होते. धंद्यात पहिल्या महिन्यात कळणारी ही गोष्ट.

त्याने झाकण उलटं केलं. भोकावर कथलाचा डाख दिलेला होता, पॉलिश पेपरने घासून इतका सपाट केलेला की बोट फिरवून कळू नये. इतका नेटका डाख देणारा माणूस त्याच्या गॅरेजात एकच होता. तो स्वतः.

अकरा वर्षांपूर्वी बाईंनी तक्रार केली होती, टाकी भरली की वळणावर पेट्रोल सांडतं, वासाने डोकं उठतं. त्या घाई करत दारात उभ्या होत्या. त्याने तेवढ्यापुरतं भोक बुजवलं, दोन दिवसांत हवा आत घेईल पण पेट्रोल सांडू देणार नाही असं झडपेचं झाकण आणून बसवू असं ठरवलं आणि साफ विसरला. त्याच आठवड्यात त्याच्या धाकट्या भावाने या गाडीचा कार्बोरेटर खोलून बसवला होता. चार दिवसांनी गाडी रस्त्यात बंद पडली, बाईंना परीक्षेच्या केंद्रावर पोचायला उशीर झाला, आणि त्या तणतणत गॅरेजात आल्या. मिस्त्रीने मागचापुढचा विचार केला नाही. त्यांच्यासमोरच धाकट्याला म्हणाला, "तुझ्या हाताला यशच नाही. उद्यापासून पान्याला शिवू नकोस."

धाकट्याने हात धुतले आणि निघून गेला. आपलंच चुकलं असं तो धरून चालला, कारण दादा कधी चुकत नसे. तो गेल्यावर मिस्त्रीने कार्बोरेटर पुन्हा उघडला. काहीही सापडलं नाही, तरी दुरुस्त केलं म्हणून सांगितलं. बाईंचा गाडीवरचा विश्वास उडाला तो उडालाच. नंतर त्यांनी ती घर ते शाळा एवढी दहा मिनिटंच चालवली. धाकटा पुन्हा कुठल्याच गॅरेजची पायरी चढला नाही. कचेऱ्यांच्या एका इमारतीत लिफ्ट चालवायला लागला.

"काय निघालं हो?" बाईंनी काचेतून विचारलं.

"झाकण... जाम झालं होतं."

"तुमच्या त्या भावाचाच प्रताप असणार. तेव्हापासून हिची तब्येत बिघडली ती बिघडलीच. तुम्ही आहात म्हणून बरं."

तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. मिस्त्रीने झाकण बसवलं आणि गाडी माघारी वळवली. गॅरेजात येऊन त्याने बारीक ड्रिलने भोक मोकळं केलं, गाडी चाळीस मिनिटं फिरवून आणली. ती एकदाही ठसकली नाही. बाईंनी तोंड भरून कौतुक केलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो त्या इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरला. धाकटा बटणांपाशी स्टुलावर बसला होता.

"दादा? कुणाकडे काम काढलंस?"

"तुझ्याकडेच."

"मग माझ्याबरोबर वर-खाली करावं लागेल. ड्यूटी आहे."

दुसऱ्या मजल्यावर फायली घेतलेले दोघे चढले, पाचव्याला उतरले. दार लागल्याबरोबर मिस्त्रीने एका दमात सगळं सांगून टाकलं. बाईंची गाडी, झाकण, डाख.

धाकटा बटणांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कार्बोरेटरचा फ्लोट मी बरोबर लावला होता?"

"बरोबर."

"आणि सुई? सुई नीट बसवली नसेल असं मला वाटायचं. अजून वाटतं."

"तू बसवलेलीच सुई आहे अजून. परवा बघितली. बदलायची गरज नाही."

"जेट? जेटांची अदलाबदल तर नव्हती झाली?"

"नाही रे. सगळं जागच्या जागी होतं. माझं चुकलं. वाटोळं केलं मी तुझं."

सहाव्यावर एक तरुणी चढली. "तिसरा," म्हणाली. लिफ्ट तिसऱ्यावरून सरळ खाली निघाली.

"अहो, तिसरा म्हणाले ना मी?"

"चुकलं, ताई." धाकट्याने लिफ्ट पुन्हा वर नेली, तिला सोडलं. दार लागल्यावर विचारलं, "बाईंना सांगितलंस?"

मिस्त्री बंद दाराकडे वळला.

"नाही सांगितलंस."

"सांगणार होतो. त्या कौतुक करत होत्या... जीभच रेटली नाही. म्हटलं, आधी तुझी माफी मागावी."

"तू मला एकट्यात बोलला असतास, तर माफीही इथे चालली असती, दादा." धाकट्याचा आवाज चढला नव्हता. "त्यांच्यासमोर बोलला होतास."

"उद्या सकाळी निघतायत त्या, मुलीकडे."

"मग आज घरी असतील."

लिफ्ट तळमजल्यावर थांबली. बाहेर पाच-सहा माणसं ताटकळत होती. धाकटा स्टुलावरून उठला, "जरा थांबा, आतल्यांना उतरू द्या," म्हणाला, आणि मिस्त्री बाहेर पडेपर्यंत दार हाताने धरून उभा राहिला.