जिन्याखालच्या स्कूटरची खोड

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे. जुनी म्हटल्याचा मला राग येत नाही. भंगार म्हटल्याचा येतो.

मी कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा स्कूटर मिळणं सोपं नव्हतं. लोक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघत. मी हैदराबादला आले त्या दिवशी प्रमोदरावांनी मला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि रंजनाताईंना मागे बसवून थेट त्यांच्या माहेरी, बरकतपुऱ्याला नेलं. अख्खी गल्ली मला बघायला जमली होती! पुढे दोघांनी बँकेचं कर्ज काढून कुकटपल्लीत छोटंसं घर घेतलं. जिन्याखालची जागा माझी ठरली. त्यांच्या लेकीने, ईशाने, तिथल्या भिंतीवर खडूने माझं चित्रसुद्धा काढलं.

मग दिवस पालटले. बाजारात नवनव्या गाड्या आल्या, नंबर लावणं संपलं. प्रमोदरावांनी लाल मोटारसायकल आणली आणि माझ्यावर गोणपाट टाकलं. त्यानंतर कुणी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. माझ्या सीटवर मांजर व्याली, यावरून काय ते समजा. घरातही नवराबायकोचं पटेनासं झालं होतं. एके दिवशी प्रमोदराव मोटारसायकलला बॅग बांधून वेगळे राहायला गेले.

उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, ते आले, ते घर विकायचं म्हणूनच.

"गिऱ्हाईक तयार आहे. कर्ज फिटेल, उरेल ते वाटून घेऊ. हप्ते तुला झेपायचे नाहीत, रंजना."

"दिवाळीपर्यंत थांबा," रंजनाताई म्हणाल्या. "एक जरी हप्ता चुकला तर घर विका. नाही चुकला, तर घर माझ्या नावावर करा. पुढचं कर्ज मी एकटी फेडीन."

"भाजी आणायला रिक्षा लागते तुला, आणि म्हणे हप्ते!" प्रमोदराव हसले. पण कबूल झाले.

घर गेलं असतं तर ईशाची शाळा, शेजार, सगळंच सुटलं असतं. माझी रवानगी तर भंगारातच होती.

दुसऱ्याच दिवशी रंजनाताईंनी पदर खोचून गोणपाट काढलं आणि मला किक मारली. मी ढिम्म. किकवर किक मारून त्या घामाघूम झाल्या. शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजमधले खाजाभाई आले.

"नक्को भाभी, ऐसा नक्को," ते म्हणाले. "बहुत दिन सोई ना, अब नखरे करती. पहले बाजू को लिटाव, फिर उठाके किक मारो."

रंजनाताईंनी मला एका कुशीवर कलती केली, सरळ उभी केली आणि किक मारली. मी अशी काही गरजले की कोपऱ्यात सरकलेली मांजर पिल्लांसकट पळाली! तेव्हापासून ही माझी खोडच झाली. आधी कलती करा, मग किक मारा.

कॉलनीच्या मैदानात त्या मला चालवायला शिकल्या. त्यांचे गुडघे फुटले, माझा आरसा फुटला. मग आम्ही कामाला लागलो. तेव्हा गावोगावची मुलं कंप्यूटर शिकायला शहरात येत आणि वसतिगृहातल्या भाताला कंटाळत. रंजनाताई पहाटेपासून ज्वारीच्या भाकऱ्या थापायच्या आणि आम्ही डबे पोचवायचो. नांदेडची मुलं "काकू, आज पिठलं का?" म्हणत धावत यायची. तेलुगू मुलं ओरडायची, "आंटी, जोन्न रोट्टे!" भाकरी तीच, हाक वेगळी. हप्ते वेळेवर जाऊ लागले.

पण दसऱ्याला मुलं आपापल्या गावी गेली. डबे बंद! दिवाळीआधीचा शेवटचा हप्ता तोंडावर आलेला. रंजनाताई माझ्या सीटवर डोकं टेकून रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "चल, सुलतान बाजार."

दिवाळीच्या गर्दीत तिथल्या कापड दुकानदारांना जेवायला घरी जायची सवड नव्हती. आमच्या डब्यांवर त्यांच्या उड्या पडल्या. मी त्या गर्दीत रोज खेपा केल्या आणि एकदाही बंद पडले नाही. हप्ता भरला गेला.

दिवाळीला प्रमोदराव आले. दिल्या शब्दाला जागून त्यांनी कागदांवर सह्या केल्या. बँकेच्या साहेबांनीही वेळेवर आलेले हप्ते बघून मान डोलावली. घर आमचं झालं! मी आनंदाने पेट्रोल सांडायचीच बाकी होते.

निघताना प्रमोदराव म्हणाले, "स्कूटर मात्र माझ्या नावावर आहे. ती मी नेतो."

त्यांनी किक मारली. मी गप्प. पुन्हा मारली, शर्टाच्या बाह्या सरसावून मारली, पाय बदलून मारली.

"पप्पा, तिला आधी..." ईशा बोलायला गेली.

रंजनाताईंनी तिचा हात दाबला. "ईशा, पप्पांना पाणी आण. दमलेत."

खरं सांगते मित्रांनो, माझी खोडच तशी. पण त्या दिवशी मी तिच्यात सगळा जीव ओतला.

"भंगार झालंय नुसतं. ठेव तूच," म्हणून ते पाणी पिऊन, माझ्याही कागदावर सही करून गेले. भंगार म्हटल्याचा राग न येण्याची माझ्या आयुष्यातली ती एकच वेळ.

फाटक लागताच रंजनाताईंनी मला हळूच कलती केली आणि किक मारली. ईशा टाळ्या पिटत मागे बसली.

तुमच्याही घरात एखादी अडून बसलेली वस्तू असेल. तिला लाथ मारण्याआधी तिची खोड विचारून घ्या. कुणास ठाऊक, एक दिवस तीच तुमचं घर राखेल.