मालक पुढे बसेल

मी बोलतेय ती सोरान मोटर्सची चाचणीची गाडी. शोरूममध्ये मी तुम्हाला कधीच दिसले नसते. वाटेत कुणी फोटो काढला तरी खरा आकार कळू नये, म्हणून माझ्या अंगावर काळ्या-पांढऱ्या नागमोडी पट्ट्या चिकटवल्या आहेत. नंबरप्लेट तात्पुरती, नाव तर नाहीच. पण सोरानच्या घराण्यात एक नवी गोष्ट माझ्यापासून सुरू झाली, आणि ती सांगितल्याशिवाय मला जायचं नाही.

आमचं घराणं शांत गाड्यांचं. कोरियातल्या सोल शहरातल्या कंपन्यांचे अध्यक्ष, मंत्री, मोठे वकील आमच्या मागच्या सीटवर बसून डुलकी काढतात. पुढे पांढरे हातमोजे घातलेला ड्रायव्हर असतो. गाडी चालवताना त्याला कसं वाटतं, हे आमच्या कारखान्यात कधी कुणी विचारलंच नव्हतं.

मग वरून हुकूम आला, सोराननेही वेगाची गाडी काढायची. पैसेवाली तरुण मंडळी आता स्वतः गाडी चालवत होती आणि खुशाल जर्मन गाड्या घेत होती. काम आलं पियो हे-रान नावाच्या इंजिनिअरबाईंकडे. त्यांचा सगळा जन्म गाडीतला आवाज कमी करण्यात गेलेला. त्यामुळे लोक मागून हसले. “पाळणे विणणारीला तलवार घडवायला सांगितलीय,” असं एकजण माझ्याच बॉनेटवर कॉफीचा कप ठेवून म्हणाला. बाईंनी ते ऐकलं. त्यांनी कप उचलून त्याच्या हातात दिला आणि कामाला लागल्या.

माझ्यात दांडगं इंजिन बसवलं. बाकी सगळं घरचंच राहिलं: जाड काचा, दुहेरी गालिचे, मागे पाठ चेपून देणाऱ्या सीट. मला चालवायला आला बोंग दोक-सू. माणूस थोराड, तोंडाचा तिखट, पण पेडलवर पाय अगदी हलका. मनाई असूनही तो माझ्यात बसून वाळवलेला माकुळ मासा चघळायचा. तो वास अजून माझ्या सीटला आहे.

गांगवॉनच्या डोंगरात कंपनीचा ट्रॅक आहे. चेरीची फुलं गळत होती तेव्हा आम्ही तिथे फेऱ्या मारत होतो. उतारावरच्या वळणाआधी दोक-सूने ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला गेलं. माझं वजन आवरता आवरता ब्रेकचं तेल उकळलं होतं. मी जिवाच्या आकांताने थांबायला बघितलं, असं सांगायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे माझ्या हातात काहीच नव्हतं. वेग मरावा म्हणून त्याने मला कडेच्या खडीत घातलं आणि आम्ही टायरच्या भिंतीवर आदळलो.

बाई धावत आल्या. “दादा, हलू नका.”

“मी कुठे हलतोय,” दोक-सू दात आवळून म्हणाला. “गाडीला सांगा. तीच थांबत नव्हती.”

त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. थोड्याच दिवसांत संचालक थाक साहेब वर्कशॉपमध्ये आले. माझ्या चेपलेल्या तोंडासमोर उभे राहिले.

“पियो मॅडम, झालं तेवढं पुरे. नेहमीच्या गाडीला मोठी चाकं लावा, मागे धुराची चार नळकांडी लावा, स्पीकरमधून घरघर सोडा. लोकांना तेवढंच हवं असतं.”

“आणि घाटात ब्रेक गेले तर, साहेब? घरघर चालूच ठेवायची?”

साहेबांचे कान लाल झाले. “मग तुम्ही काय करणार आहात?”

“वजन उतरवणार. आधी मागची सीट काढणार.”

“मागची सीट? अहो, आपल्या गाडीत मालक मागे बसतो.”

“या गाडीत तो पुढे बसेल.”

साहेबांनी काचेतून माझ्या मागच्या सीटकडे बघितलं. शेवटी म्हणाले, “डोंगरातली पानं लाल होईपर्यंत थांबतो. त्यानंतर नळकांडी.”

तो उन्हाळा मी उघडीवाघडी काढली. माझ्या काचा गेल्या, पातळ आल्या. पाठ चेपणाऱ्या सीट गेल्या. गालिच्याखालचा जाड थर काढताना बाई जरा थांबल्या, कारण तो त्यांनीच पूर्वी मोठ्या कष्टाने तयार केला होता. मग कडेला नखं खुपसून त्यांनी तो ओढून काढला. ब्रेकला वारा लागावा म्हणून बंपरला भोकं पाडली. माझं रूप ठरवणारे लोक त्यावरून हातघाईवर आले. ब्रेकच्या पहिल्या नव्या डिस्कला तडे गेले. दुसऱ्या खेपेला मी अशी थरथरले की आरसा निखळून पडला. बाई उभ्या उभ्या किम्बापचा, म्हणजे भाताच्या वळकटीचा, घास घेत म्हणायच्या, “परत काढा. परत लावू.”

पानं लाल झाली. दोक-सूचं हाड जुळलं होतं. थाक साहेब कठड्यापाशी येऊन उभे राहिले. पण दोक-सूचा पाय पहिल्यासारखा नव्हता. त्या वळणाच्या कितीतरी आधीच तो ब्रेक दाबायचा. अशाने ब्रेक टिकतात की नाही ते कुणालाच कळलं नसतं. बाईंनी हात करून मला थांबवलं आणि हेल्मेट घालून शेजारी येऊन बसल्या.

“उतरा मॅडम. तुमचं इथे काम नाही.”

“ब्रेक मी बसवलेत. मी बाहेर उभी राहून कसं चालेल?”

दोक-सू स्टिअरिंगकडे बघत राहिला. “खरं सांगू? मला भीती वाटते.”

“मलाही वाटतेय. तुम्ही लवकर दाबा. दिवसभर लवकर दाबा. मी बसलेय.”

फेरीमागून फेरी तो थोडं थोडं उशिरा दाबू लागला. मग एका फेरीला तो वळण जवळ येईपर्यंत ब्रेकला शिवलाच नाही. वळण समोर आलं, बाईंनी दोन्ही हातांनी गुडघे आवळले, आणि त्याने पाय टाकला. पेडल दगडासारखं घट्ट होतं. दोघांच्या छातीत पट्टे रुतले. मी आवरले, वळले, बाहेर पडले. पेट्रोल संपत येईपर्यंत आम्ही तेच करत राहिलो, आणि प्रत्येक वेळी पेडल तितकंच घट्ट लागलं.

“दुपारचं सूप घशाशी आलं,” दोक-सू उतरताना म्हणाला. “म्हणजे ब्रेक चांगले आहेत.”

साहेबांनी विचारलं, “जर्मन गाडीच्या बरोबरीला आलो का?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “अजून मागे आहोत. पण आता थांबता येतं, तेव्हा वेग वाढवता येईल.”

साहेब माझ्याभोवती फिरले. सवयीने मागच्या दाराला हात घातला, आत नुसता पत्रा दिसला. मग पुढचं दार उघडून ते स्वतः बसले. पहिली फेरी त्यांनी अंड्यांची टोपली नेल्यासारखी मारली. दुसरी तशी नव्हती. परत आले तेव्हा टाय खांद्यावर गेला होता. तो सरळ करत म्हणाले, “नळकांड्यांचं राहू द्या. हीच करा.”

आता माझ्या धाकट्या बहिणी कारखान्यात तयार होताहेत. त्यांना रस्ता मिळेल, नावं मिळतील. माझ्यासारखी गाडी विकता येत नाही. पुढच्या सीटवर दोन पुतळे बसवून ठेवलेत, आणि उद्या मला भरवेगात काँक्रीटच्या भिंतीवर सोडणार आहेत, आत बसलेलं माणूस वाचेल का ते बघायला. बाई मघाशी आल्या होत्या. पुतळ्यांचे पट्टे त्यांनी स्वतः ओढून बघितले.

मला भिंतीचं भय नाही. मागणं एवढंच आहे, की हळहळत बसू नका. माझं काय काय मोडलं ते नीट बघा, आणि माझ्या बहिणींमध्ये ते मोडू देऊ नका.