इब्रामपूरची बोटं, लिस्बनचं दार

युरोपात पासपोर्टवर शिक्का मारणं बंद होणार, ही बातमी इब्रामपुरात कोणाच्या मनाला लागली असेल तर ती गोकुळदासांच्या. ते एका सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि शिक्क्याशिवाय झालेलं काम त्यांना अजूनही झाल्यासारखं वाटत नसे. आता तिकडच्या सीमेवर म्हणे यंत्र बसवलं होतं. ते चेहऱ्याचा फोटो घेणार, बोटांचे ठसे बघणार, आणि माणूस कधी आला, कधी गेला याची नोंदही स्वतःच ठेवणार. क्लार्क कुठेच नाही.

बातमी त्यांनी कापून ठेवली, कारण एप्रिलमध्ये त्यांना आणि त्यांच्या बायकोला, शेवंतीला, लिस्बनला जायचं होतं. एकुलती मुलगी तनया आणि जावई गौरेश तिथे नोकरीला, आणि तनयाचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. पण डॉक्टरांनी तिला विमानात बसायला मनाई केल्यामुळे माहेरालाच उठून तिच्याकडे जावं लागणार होतं. व्हिसा आला होता. त्यासाठी दोघांनी थंडीतच पणजीला जाऊन दहाही बोटांचे ठसे दिले होते.

बातमीत आणखी एका नव्या परवानगीचा उल्लेख होता, ऑनलाइन अर्ज भरून काढायच्या. गोकुळदासांनी चष्मा पुसला. पण ती ज्यांना व्हिसा लागत नाही अशा देशांतल्या लोकांसाठी होती, आणि तीसुद्धा अजून सुरू व्हायची होती. अर्ज भरायला मिळणार नाही हे कळल्यावर भरल्या पंगतीतून कोणी उठवावं तसं त्यांना वाटलं.

शेजारच्या प्रवीणला यातलं काहीच लागू नव्हतं. आजोबांचा जन्म पोर्तुगीज राजवटीतला म्हणून लिस्बनला नाव नोंदवून त्याने पोर्तुगीज पासपोर्ट काढला होता. सुट्टीवर आला की तो गोकुळदासांच्या बल्कांवावर, दारापुढच्या बाकावर, बसून त्यांना त्यांच्या चुका सांगत असे.

"भाऊ, तुमच्या बापायचो जल्म पोर्तुगीज वेळेचो. लिस्बनाक नाव घातला असता, तर ह्या बोटांचा झंगट नसता."

"पावणेदोनशे वर्सां ते आमच्या पेडण्यात रवले," गोकुळदास म्हणाले. "येताना कोणाक बोटां दाखयली?"

प्रवीणने मुद्दा मान्य केला. फक्त तो विमानतळावर मांडू नका, असं सुचवलं.

खरी अडचण मार्चमध्ये, रेशनच्या दुकानात उघडकीला आली. शेवंती तांदूळ आणायला गेली आणि दुकानदार धाकूच्या यंत्राने तिचा अंगठा ओळखला नाही. मग दुसरा ओळखला नाही, मग कुठलंच बोट ओळखलं नाही. धाकूला यात नवल वाटलं नाही. मार्चमध्ये गावातल्या निम्म्या बायकांना ते यंत्र ओळखत नाही, कारण मार्च म्हणजे बिबे. बिबे म्हणजे ओले काजू. ते सुरीने चिरून आतला कोवळा गर काढावा लागतो, आणि सालीतला चीक जिथे लागेल तिथली कातडी जळून निघते. शेवंतीने जन्मभर बिबे काढले होते. बोटांची सालं जाणं ही तिच्या लेखी जखम नव्हती, तो एक ऋतू होता. शिवाय या वर्षी तनयाने फोनवरून सुकवलेले बिबे मागितले होते. पोटुशी पोर मागते म्हटल्यावर शेवंतीने नेहमीच्या दुप्पट काढायला घेतले होते.

घरी येऊन तिने अंगठ्याची गोष्ट सहज सांगितली. गोकुळदासांनी कापून ठेवलेली बातमी काढली, पुन्हा वाचली आणि जेवण टाकून उठले. व्हिसाला दिलेली बोटं आणि दारात दाखवलेली बोटं जुळली पाहिजेत, असं त्यात होतं. शेवंतीची डिसेंबरातली बोटं युरोपच्या संगणकात सुखरूप होती. मार्चमधली काजूच्या सालींबरोबर गायीच्या गोठ्यामागे पडली होती.

"म्हणजे माका भितर घेवचे नाय?" शेवंतीने विचारलं.

गोकुळदास म्हणाले, तसं नाही, पण चौकशी होऊ शकते, बसवून ठेवू शकतात, परतही पाठवू शकतात. शेवंतीला युरोप बघायचा नव्हता. तनयाच्या जन्माच्या वेळी तिची स्वतःची आई नदीला पूर आला म्हणून पोचू शकली नव्हती, आणि ते तिने आईला कधी ऐकवलं नसलं तरी ती विसरलीही नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून गोकुळदासांनी घरात नियम लागू केले. शेवंतीने भांडी घासायची नाहीत, धुणं धुवायचं नाही, विळीला हात लावायचा नाही, चुलीकडे जायचं नाही. बोटांना सकाळ-संध्याकाळ खोबरेल. हे सगळं मग कोण करणार, असं तिने विचारल्यावर नियमांत ती तरतूद राहून गेल्याचं त्यांच्या लक्षात आलं आणि ते स्वतः आत गेले.

त्या दिवसांत त्यांनी केलेल्या स्वयंपाकाविषयी शेवंती आजही बोलत नाही. ती ओसरीवर खुर्चीत हात मांडीवर उपडे ठेवून बसे, नवस फेडायला बसल्यासारखी, आणि आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला की काय पडलं ते बसल्या जागेवरून सांगे.

रोज सकाळी ती धाकूकडे जाई. धाकूने त्यांचं महिन्याचं धान्य मुद्दाम अडवून ठेवलं होतं, म्हणजे यंत्रावर बोट ठेवायला कारण राहील. लिस्बनचं दार उघडतंय की नाही ते इब्रामपूरच्या रेशन दुकानात कळू लागलं. गावाने मनावर घेतलं. कोणी लोणी सांगितलं, कोणी हळद, कोणी टूथपेस्ट. तांदळाच्या रांगेतल्या बायका आपापलं काम विसरून शेवंतीच्या अंगठ्याकडे बघत उभ्या राहत. यंत्र लाल झालं की सगळ्या मिळून चुकचुकत आणि गोकुळदासांनी काल काय शिजवलं याची चौकशी करत.

बिबे मात्र अर्धे राहिले होते. टोपलीत पडून ते काळे पडायला लागले तसं शेवंती म्हणाली, पोरीच्या तोंडचं टाकायचं असेल तर मी आत्ता बसते आणि काढते. तिने सुरीकडे बघितलं. गोकुळदासांनी ती आधी उचलली.

त्यांनी आयुष्यात एकही बिबा काढला नव्हता. हाताला आधी राख लावावी, हे शेवंतीने ओसरीवरून सांगितलं; त्यांनी त्याऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, कारण ती पद्धत जास्त शास्त्रीय होती. पिशव्या पहिल्याच बिब्याला फाटल्या. त्यांनी तरीही टोपली संपवली. चार दिवस त्यांना आमटीची वाटी धरवत नव्हती. शेवंतीने सांगितलं, हे होतंच, सालं गेली की बरं वाटतं. दोघांनीही त्यावर अधिक विचार केला नाही. तीस वर्षं गोकुळदास कचेरीतल्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसले होते. तपासणी ही बाहेर उभ्या असलेल्या माणसाची होते, अशी त्यांची समजूत होती.

निघायच्या आदल्या आठवड्यात धाकूच्या यंत्राने हिरवा दिवा दाखवला. धाकूने तांदूळ मोजायचे सोडून आधी गावच्या देवाला, राखणदाराला, हात जोडले. मागच्या बाईने आपला नंबर आहे याची आठवण करून दिली.

मोपाचा विमानतळ त्यांच्याच तालुक्यात असल्यामुळे निरोप द्यायला अर्धं गाव आलं. गोकुळदासांच्या काखेत फाइल होती. तिच्यात व्हिसा, विमा, परतीचं तिकीट, गौरेशचं निमंत्रण, घराचा उतारा, पेन्शनचा कागद आणि त्यांच्या लग्नाचा दाखला होता. आखातात विमान बदलून ते दुसऱ्या दिवशी दुपारी लिस्बनला उतरले. फोन सुरू केला तेव्हा गौरेशचा निरोप येऊन पडला होता, तो त्यांनी शेवंतीला वाचून दाखवला: तनयाला सकाळीच हॉस्पिटलात नेलं आहे, तो तिच्याजवळ आहे, बाहेर त्याचा मित्र गाडी घेऊन थांबला आहे.

रांग मोठी होती. शेवंतीचा नंबर आला. काचेमागच्या अधिकाऱ्याने खूण केली, तशी तिने धाकूने शिकवलं होतं त्याप्रमाणे बोटं हलकेच टेकवली, दाबली नाहीत. दिवा हिरवा झाला. कॅमेऱ्यात तिने पासपोर्टवर होतं तसंच रागीट तोंड केलं. ती पलीकडे गेली आणि नवऱ्यासाठी वळून उभी राहिली.

गोकुळदासांनी बोटं ठेवली. लाल. पँटला पुसून ठेवली. लाल. अधिकाऱ्याने काचेखालून हात घालून त्यांचा तळवा उलटा केला आणि बोटांची टोकं बघितली. ती नव्या बटाट्यासारखी गुळगुळीत आणि गुलाबी होती. गोकुळदासांनी तत्परतेने फाइल उघडली. अधिकाऱ्याने ती हाताने बाजूला सारली. त्याला कागद नको होते. सगळे कागद बरोबर असलेला माणूस ते पहिल्यांदाच अडवलेला बघत होते आणि तो माणूस ते स्वतः होते.

त्यांना बाजूच्या खोलीकडे जायची खूण झाली. त्यांनी शेवंतीला हाताने सांगितलं, हलू नको, मी आलोच. म्हापशाच्या बाजारापलीकडे ती कधी एकटी गेली नव्हती.

तिने बाहेरच्या दाराकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"तुमी बसा," ती मोठ्याने म्हणाली, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या. "माका थंय जावक होया."

आणि ती गेली. गोकुळदासांनी काचेतून बघितलं, तेव्हा ती एका झाडूवाल्या बाईला हातवारे करून काहीतरी विचारत होती आणि बाई तिला दाराकडे नेत होती. तिने वळून बघितलं नाही.

खोलीत त्यांना बोटांविषयी विचारलं गेलं. त्यांनी इंग्रजीत काजूची समग्र माहिती दिली: लागवड, मोहर, चीक, राख लावण्याची देशी पद्धत. तरुण अधिकाऱ्याने संगणकावर काजू शोधला, फोटो बघितला, आणि आपल्या वरिष्ठाला बोलावलं. वरिष्ठाने पुन्हा पहिल्यापासून विचारलं. मधेच गोकुळदासांचा फोन वाजला, गौरेशच्या नंबरावरून. घ्या, असं वरिष्ठाने खुणेने सांगितलं.

"चेडू झाला," शेवंती म्हणाली. मागे कोणीतरी अगदी नवीन आवाजात रडत होतं. "मी पावलंय, मगेच झाला. तनया बरी आसा. तुमी खंय?"

"हंयच. दारात."

"मगे बसा थंयच. माका आता वेळ नाय."

फोन बंद झाला. कोण होतं, असं वरिष्ठाने विचारलं. बायको, ते म्हणाले. मुलीला मुलगी झाली. बायको तिथे पोचली आहे.

आणि तुमच्याविषयी काय म्हणाली?

"बसायला सांगितलंय."

वरिष्ठाने मान हलवली. त्याने पासपोर्टचा फोटो आणि समोरचा चेहरा पुन्हा एकदा ताडून पाहिला, संगणकात काहीतरी लिहिलं, आणि पासपोर्ट त्यांच्या हातात देत म्हणाला की तिने सांगितलं असेल तर बसायलाच हवं, पण दारात नाही, आत जाऊन बसा.