गोजरबाईची काकवी

रामहरीच्या दुकानातला फ्रिज गोजरबाईच्या डोळ्यांत सवतीसारखा सलायचा. गावात कुणाकडे पाहुणा टेकला की चहाच्या आधी घरातलं कुणीतरी रामहरीकडे पळायचं, कोल्ड्रिंकची थंड बाटली आणायला. पाहुण्यापुढे नुसतं पाणी ठेवलं तर घराची अब्रू जाते, अशी पुणतांब्याकडची अलीकडची रीत. गोजरबाईनं ती रीत मोडली आणि गावानं नावं ठेवली तरी बधली नाही. कारण तिच्या करणला शुगर निघाली होती.

करण तिचा एकुलता एक. नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात भट्टीवर कामाला होता, बायको अश्विनीला घेऊन तिथंच राहायचा. तिथली तहान पाण्यानं भागत नाही, असं त्याचं म्हणणं. जेवणाच्या सुट्टीत एक बाटली, सुटल्यावर एक, आणि घरी जाताना बायकोसाठी म्हणून घेतलेली आणखी एक, तीही बहुतेक ह्याच्याच पोटात. मग अंगावरचे कपडे ढगळ व्हायला लागले, तेव्हा अश्विनीनं नवऱ्याला धरूनच दवाखान्यात नेलं. पस्तिशीही गाठली नव्हती पोरानं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, पथ्याचं पुष्कळ काही सांगितलं आणि शेवटी बजावलं, की ह्या गोड बाटल्या आधी बंद करा.

गोजरबाईच्या कानात तेवढं शेवटचंच राहिलं.

"ती बाटली म्हंजी इख हाय, इख," ती करणला म्हणाली. "माझ्या डोक्यावर हात ठिव आन् म्हन, न्हाई पिनार."

करणनं हात ठेवला. आणि शब्द पाळला, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. भट्टीपुढे घशाला कोरड पडली, सोबतचे लोक समोर बसून ढोसत राहिले, तरी त्यानं बाटलीला हात लावला नाही. लोक दारू सोडतात तेव्हा गावभर बोभाटा होतो. ह्या पोरानं त्याहून वाईट चटक सोडली आणि कुणाला कळलंही नाही.

पण पोरगं गोडावाचून तळमळतंय, हे आईला बघवेना. तिचा भाऊ मच्छिंद्र गुऱ्हाळ चालवायचा. उसाचा रस काहिलीत आटत आला, की गूळ बनायच्या जरा आधी जो दाट तांबूस पाक काढून घेतात ती काकवी. मच्छिंद्राची काकवी पंचक्रोशीत नावाजलेली. रसातली मळी काढायला भेंडीच्या झाडाचं पाणी, बाकी ना पावडर, ना रंग. गोजरबाईला उपाय सापडला.

"साखरेनं शुगर हुती, काकवीनं कशी हुईल?" ती म्हणायची. "तिच्यात साखर टाकतंय कोन?"

तिला हसू नका. साखर वाईट आणि गूळ औषधी, हे गावात पोथीतल्यासारखं पाठ होतं. शिकलेल्या करणलाही ते पटलं, अश्विनीलाही पटलं. गोजरबाईनं रामहरीकडून थंड्याच्या रिकाम्या बाटल्या मागून आणल्या, राखेनं घासल्या, गरम पाण्यानं विसळल्या आणि त्यांत काकवी भरली. करण सुट्टीला मोटारसायकलवर यायचा आणि जाताना डिकीत दोन बाटल्या घेऊन जायचा. पाण्यात कालवायची, वर लिंबू पिळायचं आणि पोटभर प्यायची. आलेल्या पाहुण्यालाही गोजरबाई तेच सरबत द्यायला लागली.

"ताई, ऊस गोड लागला म्हनून मुळासकट खाशील काय?" मच्छिंद्र चेष्टेनं म्हणायचा. "माझ्या गुळाला तरी काय ठिव."

"तुझ्या गुळापरीस माझं लेकरू मोठं हाय," ती म्हणायची आणि आणखी एक बाटली पुढे करायची.

असं वर्ष निघालं. बाटली सुटली म्हणजे शुगर सुटली, असं करणनं धरून टाकलं. गोळ्यांचं पाकीट संपलं ते परत आणलं नाही, रक्त तपासायला गेला नाही. अश्विनीनं आठवण केली की तो म्हणायचा, "आता कशाला? आई देती तेच औषध हाय." मग डोळ्यांपुढे काळे धागे तरंगायला लागले. भट्टीच्या उजेडानं होत असेल म्हणून तेही त्यानं अंगावर काढलं.

एका सुट्टीला तो एसटीनं आला. गाडी बिघडलीय म्हणाला. गोजरबाई दारात उभी होती. ज्या उंबऱ्यावर तो रांगायला शिकला, तो उंबरा करण बुटाच्या टोकानं चाचपत होता. तिनं पुढे होऊन त्याचा हात धरला.

नगरला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, "दिवसभरात गोड काय काय पिता?"

"काय न्हाई. कोल्ड्रिंक सोडून वर्स झालं."

"मग शुगर इतकी कशी?"

मुलावर खोटेपणाचा आळ येतोय, असं गोजरबाईला वाटलं आणि ती सावरून पुढे सरकली.

"बाई, त्याला बोल लावू नगा. माझ्या डोक्यावर हात ठिवून सोडलंय त्यानं. मी घरची काकवी देते त्याला. लई चोख. त्यावरच हाय त्यो."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. अशा आया त्यांनी पुष्कळ पाहिल्या असाव्यात.

"आजी, साखर काय, गूळ काय, काकवी काय. रक्तात गेल्यावर सगळं एकच."

"पन ही आमच्या गुऱ्हाळातली..."

"कुठल्याही गुऱ्हाळातली," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग करणकडे वळल्या. "डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरलंय. हे दुखणं एका वर्षाचं नाही, जुनं आहे. पण ह्या वर्षात शुगर आटोक्यात राहिली असती, तर इथवर आलं नसतं. आता इंजेक्शनं देऊ, लेसर करू. उरलीय ती नजर राखायचं बघू. गेलेली परत येईल, असं मी सांगणार नाही."

बाहेरच्या बाकड्यावर गोजरबाई बसली. तिला रडू येईना. आपल्या हातांकडे बघत राहिली. करण शेजारी टेकला आणि चाचपत त्यानं तिचं मनगट धरलं.

"आई, मी पीतच नव्हतो ती काकवी. कंपनीत सगळ्यांना वाटून टाकायचो. लई गोड लागायची मला."

फाईल घेऊन उभ्या असलेल्या अश्विनीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. गोजरबाईनं सुनेकडे पाहिलं आणि काय ते समजली. 'आई, ह्या बारीला जरा जास्त भर,' असं म्हणणारा हाच करण होता.

"व्हय का?" ती म्हणाली. "मग बरं झालं, बाबा."

इंजेक्शनं झाली, लेसर झालं. उजवा डोळा गेलाच. डाव्याला उजेड आणि माणसाची आकृती एवढं दिसतं. भट्टीवर असा माणूस कोण ठेवणार? अश्विनी एमआयडीसीतच पॅकिंगच्या कामाला लागली आणि करण पुणतांब्याला आईकडे राहिला. घरात उरलेली काकवी गोजरबाईनं बांधावर नेऊन ओतली. तिथं मुंग्यांच्या रांगा लागल्या. ती त्या बाजूनं जायचीच नाही.

आता ती सगळं डॉक्टरीणबाईंच्या सांगण्याप्रमाणे करायची. बिनसाखरेचा चहा, मोजकी भाकरी, वेळेवर गोळी. करण चिडत नव्हता, कुरकुरत नव्हता. तो बोल लावेल म्हणून ती रोज वाट बघायची, आणि तो लावायचा नाही.

एके दिवशी उन्हाचा तो दारातल्या निंबाखाली बसला होता. त्यानं पाणी मागितलं. गोजरबाईनं माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि त्याच्या हातात दिलं. करणनं पेला ओठांशी नेला, आणि थांबला. त्यानं पाण्याचा वास घेतला. अगदी क्षणभर. त्याचं त्यालाही कळलं नसेल. मग त्यानं घटाघटा पाणी संपवलं.

"गार हाय," तो म्हणाला.

गोजरबाई रिकामा पेला घेऊन आत गेली. लहानपणी हे पोरगं आईचा हात पुढे आला की डोळे मिटून तोंड उघडायचं. कडू काढा असो की गुळाचा खडा, काय आहे म्हणून कधी विचारलं नव्हतं. माठाशेजारी बसून, पदराचा बोळा तोंडात कोंबून ती रडली. दवाखान्यात आलं नव्हतं ते सगळं रडू तेव्हा आलं.

"आई, अजून देतीस का?" बाहेरून करणनं हाक मारली.

तिनं तोंड पुसलं, पेला परत भरला आणि त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. आधी स्वतः एक घोट घेतला, त्याला ऐकू जाईल असा. मगच पेला त्याच्या हातात दिला.

"नुस्तं पानी हाय रं," ती म्हणाली.

करणची मान खाली गेली. मघाशी आपण काय केलं, ते त्याला आत्ता उमगलं.

"मला ठावं हाय, आई," तो म्हणाला, पण त्याला तहान उरली नव्हती. भरलेला पेला दोन्ही हातांत धरून तो तसाच बसून राहिला.